शिकून राहिली

मित्रांनो, आमच्या घरी येणारे लोक मला टेबल समजतात. माझ्यावर चहाचा कप ठेवतात, कोपर टेकतात. पण मी टेबल नाही. मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझं डोकं खाली वळवून पेटीत मिटवलेलं आहे, वरून फळी लावलेली आहे आणि फळीवर एक लॅपटॉप असतो. म्हणून मी तुम्हाला दिसत नाही. मला मात्र आतून सगळं ऐकू येतं.

अकोल्यात मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुनं शहर लागतं. तिथल्या एका गल्लीत दोन खोल्यांचं आमचं घर आहे. मी मूळची इथली नव्हे. मला अमरावतीच्या एका दुकानातून आणलं. माझं अंग ओतीव लोखंडाचं, वर काळा रंग आणि त्यावर सोनेरी वेल. माझी लाकडी पेटी तिथल्याच एका सुताराने केली. तो म्हणाला होता, "काम नसलं का डोकं आत मिटून टाका. धूळ बसत नाई, अन् वरून टेबलबी होते." त्या वेळी मला ही सोय फार आवडली होती. हीच सोय पुढे माझी कोठडी होणार, हे मला काय माहीत!

शेषराव तेव्हा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोला, म्हणजे शकुनला, शिवणाची आवड. म्हणून त्यांनी मला बसच्या टपावर बांधून अकोल्याला आणलं. मूर्तिजापूरला कंडक्टरने वर बोट दाखवून विचारलं, "शेषराव, हिचं तिकीट?"

"हे सासरी चालली बाप्पा," शेषराव म्हणाले. "सासरी जाणाऱ्या पोरीले तिकीट मागतेत का?"

असा माझा संसार सुरू झाला.

शकुनला आधी फक्त परकर, झबली आणि साधी पोलकी शिवता येत होती. तिचा पाय पायडलवर पडला की मी गाणं म्हटल्यासारखी चाले. ती मला रोज पुसायची, आठवड्याला तेल द्यायची. चौदा एप्रिलच्या आधी आमच्या खोलीत पांढऱ्या पोलक्यांचा ढीग लागे. गल्लीतल्या बायका नवी पोलकी घालून मिरवणुकीला निघाल्या की शकुन दारात उभी राहून त्यांच्या चेहऱ्यांऐवजी बाह्याच पाहत राही.

मग दिवस बदलले. कोणी पंजाबी ड्रेस मागू लागलं, कोणी छत्रीसारखा घेर, कोणी पाठीवर नाड्या. पुढे तर बायका मोबाइलवर फोटो घेऊन येऊ लागल्या. एका लग्नसराईत शकुनने सगळ्यांना "हो" म्हटलं. येत नव्हतं त्यालाही हो. खाटेवर गाठोडी साचली. ती एक उघडायची, थोडं कापायची, घाबरून बांधायची आणि दुसरं उघडायची. एकही पुरं होईना. एके दुपारी तिने माझ्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. माझ्या लोखंडाला तिच्या कपाळाची ऊब अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी तिने येत नव्हते ते कपडे घरोघरी परत केले. त्यानंतर कोणी नवीन तऱ्हेचं काही घेऊन आलं की ती एकच वाक्य बोलायची.

"शिकून राहिली न वं बाई. चालत असंन तं कापड ठेव."

आमच्या वऱ्हाडात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. शिकून राहिली म्हणजे शिकते आहे, अजून यायचं आहे. ज्यांना चालायचं त्या कापड ठेवायच्या. शेजारच्या बेबीताईंनी पहिला पंजाबी ड्रेस असाच शिवायला टाकला. शकुनने एक बाही उलटी लावली. बेबीताईंनी तो ड्रेस घालून आख्खं लग्न साजरं केलं आणि पुढे जन्मभर शकुनला त्यावरून छळलं. पण कापड दुसरीकडे कधी दिलं नाही.

शकुनची अजून एक पद्धत होती. मांडीवर एकच गाठोडं, बाकीची सगळी खाटेखाली. मांडीवरचं झाल्याशिवाय ती खाली वाकत नसे.

मित्रांनो, मी हे लांबण लावून सांगते आहे, कारण पुढे मला हेच कोणाला तरी सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

मागच्या वर्षी शकुन आजारी पडली. त्या दिवशी ती बेबीताईंचं मोरपिशी पोलकं शिवत होती. एक बाही लागली होती, दुसरी अर्धी झाली होती. तिला एकदम दम लागला. सुई कापडात तशीच ठेवून ती उठली. "आत्ता येते," म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. खोलीत तर मी एकटीच होते, शेषराव बाहेरच्या खोलीत होते.

दवाखान्यातून ती परत आली नाही.

सगळे पाहुणे गेल्यावर शेषराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पोलक्याला त्यांनी हात लावला नाही. दोरा तोडला नाही. माझा पट्टा उतरवला, कापडासकट माझं डोकं आत वळवलं आणि फळी लावून टाकली. त्यानंतर मी उजेड पाहिला नाही.

आत अंधार होता. तेल सुकत गेलं. सुईत दोरा होता, दोऱ्यात कापड अडकलं होतं आणि मला एक टाकाही पुढे जाता येत नव्हतं.

त्यांची मुलगी प्रियदर्शनी. ती अमरावतीत इंजिनिअर होऊन तिथेच एका छोट्या कंपनीत लागली होती. आई गेल्यावर ती नोकरी सोडून घरी आली. बाप एकटा घरात सकाळचा चहा करून दोन कपांत ओततो, हे तिने पाहिलं होतं. तिने घरून करता येईल असं काम शोधलं. पुण्याच्या एका कंपनीने लॅपटॉपवरच मुलाखत ठेवली. घरात टेबल म्हणून मी एकटीच. त्यामुळे ती मुलाखत माझ्या डोक्यावर झाली.

गीतांजली मॅडम मुलाखत घेत होत्या. थोडा वेळ इंग्रजी चाललं. मग मॅडम मोकळेपणाने म्हणाल्या, "अगं, तू अकोल्याची ना? मग मराठीतच बोलू या."

प्रियदर्शनीला बरं वाटलं. तिथेच घोटाळा झाला.

"पायथन येतं?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम, शिकून राहिली."

"डेटाबेस?"

"ते बी शिकून राहिली."

"क्लाउड? टेस्टिंग?"

"दोन्ही शिकून राहिली, मॅडम."

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या.

पुण्याच्या कानाला ते 'राहिली' कसं लागलं कोणास ठाऊक. त्यांना वाटलं, मुलगी सगळं शिकून, तयार होऊन बसली आहे. नोकरी मिळाली. शेषरावांनी गल्लीत पेढे वाटले. पहिल्याच दिवशी मॅडमनी तिची ओळख करून दिली, "ही आपली प्रियदर्शनी. हिला विचाराल ते येतं."

फळीवर तिची बोटं एकदम थांबली. चूक तिच्या लक्षात आली होती. तिने तोंड उघडलं असावं, कारण मला श्वास ऐकू आला. शब्द मात्र आला नाही.

तेव्हापासून आम्ही दोघी अडकलो. मी फळीच्या खाली आणि ती फळीच्या वर.

ती सकाळी एक कोर्स लावायची. तो अर्धा झाला की मीटिंगमध्ये भलतंच नाव निघायचं. मग ती पहिला बंद करून दुसरा लावायची. दुसऱ्यातला मास्तर म्हणे, याच्या आधी तिसरं शिकून या. तिसरं उघडावं तर बातमी यायची की ते जुनं झालं, आता चौथं आलं. मग एआय आलं. सगळे म्हणू लागले, अर्धं काम आता तेच करेल, पण त्याच्याकडून करवून कसं घ्यायचं ते शिका. लॅपटॉप दिवसभर तापलेला. ती ऊब माझ्या फळीतून आत उतरे. लग्नसराईतल्या खाटेवरच्या गाठोड्यांची मला आठवण येई. हिची गाठोडी दिसत नव्हती, एवढाच फरक. उघडायचं, घाबरायचं, बांधायचं. अगदी तसंच.

मला ओरडून सांगावंसं वाटे, 'पोरी, मांडीवर एकच घे गं!' पण माझं तोंड आत मिटलेलं होतं.

शेषराव ताट घेऊन यायचे.

"जेव न वं माय. वरण थंड होऊन राहिलं."

"ठेवा बाबा. एवढं पायथन होऊ द्या."

"पायथन म्हंजे अजगरच न?"

"व्हय."

"मंग तू त्याले शिकून राहिली का तो तुले गिळून राहिला?"

ती हसली नाही. थोड्या वेळाने शेषराव हळू आवाजात म्हणाले, "नसंन जमत तं सोडून दे."

"सोडली तं घरून काम देणारं दुसरं कोणी नाई, बाबा. पुण्याले जा लागते, नाई तं बंगलोरले. तुमच्यापाशी कोण राहीन?"

"म्या काय लहान लेकरू हावो?"

"चहा अजूनबी दोन कप करता तुमी."

शेषराव उठले. ताट तसंच ठेवून बाहेर जाऊन बसले.

मित्रांनो, तिची अडचण इथे होती. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर बाप एकटा पडणार. म्हणून ती गप्प होती. गप्प राहिल्यामुळे तिच्याकडे रोज अजून मोठं काम येत होतं.

आणि मग एक काम असं आलं की ज्यात चूक चालणार नव्हती. एका मोठ्या दवाखान्याच्या रोग्यांच्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या ठिकाणी हलवायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "सोमवारी करायचं. प्रियदर्शनी, हे तू एकटीच बघ. तुला सगळं येतंच." हात चुकला तर कोणत्या रोग्याला कोणतं औषध चालू आहे, हेही सापडणार नव्हतं. दवाखाना म्हटल्यावर तिने त्याच रात्री अजून दोन कोर्स उघडले. 

शुक्रवारी दुपारी त्याच कामाची मीटिंग होती. बाहेर ऊन रणरणत होतं, कूलर घरघरत होता. प्रियदर्शनीने कसल्याशा प्रश्नाला उत्तर दिलं आणि माइक बंद करायला ती विसरली. तेवढ्यात दारातून बेबीताईंचा आवाज आला.

"भाऊजी! माह्या पोलक्याचं काय झालं? भाचीचं लगन आलं न आता."

"दुसरं शिवून घ्या न, बेबीताई," शेषराव म्हणाले.

"दुसरं काहून शिवू? शकुनच्या हातचं शेवटचं हाये ते. उघडा न एकदाची मशीन!"

"राहू द्या."

"कधीलोक राहू देता? ते मशीन हाये का समाधी?"

 बेबीताईंना आपणच जास्त बोललो असं वाटलं असावं. त्यांनी मोर्चा मुलीकडे वळवला.

"अन् तू काय करून राहिली वं?"

"शिकून राहिली, मावशी. मीटिंग चालू हाये."

"मांगं आली होती तवाबी शिकूनच राहिली होती. अजून नाई आलं का तुले?"

"नाई आलं न, मावशी!" प्रियदर्शनीचा बांध फुटला. "एकबी पुरं नाई येत मले! सगळं अर्धंच!"

कूलरचा आवाज तेवढा राहिला. मग लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला, "प्रियदर्शनी, तुझा माइक चालू आहे."



"शिकून राहिली म्हणजे..." मॅडम सावकाश म्हणाल्या, "म्हणजे अजून शिकते आहेस? मुलाखतीत तू हेच म्हणाली होतीस ना?"

तिचे दोन्ही तळवे फळीवर पडले. तिला अजूनही वाट होती. "घरातली चेष्टा चालली होती, मॅडम," एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. सोमवारपर्यंत तरी. तिने सुरुवातही केली, "मॅडम, ते जरा घरचं..."

बेबीताईंना मीटिंग बिटिंग काही कळत नव्हतं. आपल्यामुळे पोरीला कोणी रागावतं आहे एवढंच त्यांना कळलं. त्या मध्येच म्हणाल्या, "तिची मायबी असंच म्हणे हो बाई. शिकून राहिली, शिकून राहिली. पण ते कापड घ्याच्या पहिले सांगे. आपल्याले पटलं तं ठेवा, नाई तं न्या. फसवलं नाई तिनं कोणाले."

फळीवरचे तळवे मिटले.

"मॅडम," प्रियदर्शनी म्हणाली, "माझं चुकलं. मुलाखतीत मी खोटं बोलले नव्हते, पण तुमचा गैरसमज झाला हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही. यातलं मला एकही पूर्ण येत नाही. सोमवारचं काम मी एकटी करू शकत नाही. रोग्यांचं नुकसान होईल."

"पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

 मॅडम म्हणाल्या, "एक सांग. एखादी गोष्ट पूर्ण शिकून झाली, असं म्हणायचं असेल तर तुमच्याकडे काय म्हणतात?"

प्रियदर्शनीने विचार केला. "आमच्याकडे तसं कोणी म्हणत नाही, मॅडम."

लॅपटॉपमध्ये कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मी थोड्या वेळात फोन करते," म्हणाल्या आणि मीटिंग बंद झाली.

आता नोकरी गेली असं धरूनच सगळे बसले. प्रियदर्शनी रडलीही नाही. बेबीताई कूलरसमोर उभ्या राहून "माह्यामुळं झालं का वं काही?" असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शेषराव उठले. त्यांनी लॅपटॉप उचलून खाटेवर ठेवला. चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांची बोटं माझ्या फळीच्या कडेला लागली.

मित्रांनो, किती दिवसांनी उजेड आला! फळी करकरली. त्यांनी आत हात घालून माझं डोकं धरलं आणि वर ओढलं. मी हलेना. मी गंजले होते. "थांब," ते मलाच म्हणाले. जन्मभर इंजिनं उघडलेला माणूस तो. तेलाची कुपी आणली, एकेका भोकात थेंब सोडला, चाक मागे-पुढे हलवत राहिले. शेवटी मी वर आले.

मोरपिशी पोलकं तसंच होतं. सुई कापडात, दोरा सुईत. शेषरावांनी त्या शिवणीवरून बोट फिरवलं. जिथे टाके संपत होते तिथे ते बोट थांबलं आणि पुढे जाईना.

"आत्ता येते म्हणे," ते म्हणाले. एवढंच.

बेबीताईंनी डोळ्यांना पदर लावला. "राहू द्या भाऊजी. नको मले पोलकं. मिटून टाका."

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली आणि स्टुलावर येऊन बसली. "दोरा तोडू नका, बाबा. इथूनच पुढं घेऊ."

"येते का तुले?" बेबीताईंनी विचारलं.

"नाई येत. तुमी कापड धरा, सांगा."

हे 'नाई येत' तिने किती सहज म्हटलं! इतके दिवस हेच दोन शब्द तिच्या तोंडून निघत नव्हते.

शेषरावांनी पट्टा चढवला. तिने पायडलवर पाय ठेवला. आधी मी उलटीच फिरले, बेबीताई ओरडल्या, मग सुलटी चालले. एक टाका. दुसरा. टीप वाकडी गेली, कडेला घसरली, परत आली. शकुनची शिवण आखल्यासारखी सरळ होती आणि तिच्या पुढे ही रांगत्या लेकरासारखी. पण दोरा तोच होता.

बाही संपत आली आणि फोन वाजला. प्रियदर्शनीने पाय थांबवला. शेषराव म्हणाले, "पहिले एवढी बाही पुरी कर." तिने बाही पुरी केली. मग फोन घेतला.

मॅडमचा आवाज कोरडा होता. सोमवारचं काम कंपनीतले शेखर सर करणार होते. तिने त्यांच्या हाताखाली फक्त डेटाबेस शिकायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. नोकरीत कायम होण्याची मुदत पुढे गेली होती. "आणि पुढचं पुढे पाहू, प्रियदर्शनी. मी शब्द देत नाही," मॅडम म्हणाल्या.

"चालेल, मॅडम," ती म्हणाली.

बेबीताईंनी पोलकं उजेडात धरलं. प्रियदर्शनी ओशाळून म्हणाली, "द्या मावशी, उसवून पुन्हा मारते."

"खबरदार उसवलं तं!" बेबीताई म्हणाल्या. "तुह्या मायनं उलटी बाही लावली होती, ते म्या घातली. हे तं नुसती वाकडी हाये."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता मी मोकळी झाले. तसं नाही. घरात टेबल अजूनही एकच आहे. रोज सकाळी माझं डोकं आत मिटतं आणि वर लॅपटॉप येतो. दिवसभर मी अंधारातच असते. वर ती एकच कोर्स ऐकत असते. कधी कंटाळते, कधी पुन्हा घाबरते, कधी चोरून दुसरा उघडतेही. तेव्हा शेषराव म्हणतात, "खाटेखाली टाक ते." उद्या ही नोकरी राहील का, तिला माहीत नाही. मलाही नाही. पण फळी आता ते घट्ट लावत नाहीत. बोटभर फट ठेवतात. संध्याकाळी काम संपलं की फळी उघडते आणि माझ्या सुईत दोरा जातो.

माझ्या सुईला नेढं एकच आहे. त्यातून एका वेळी एकच दोरा जातो. तेवढ्यावर मी आख्ख्या गल्लीचे कपडे शिवले.

तुमच्याही घरी कोणी गेल्यावर मिटून ठेवलेलं काही असेल. एखादी मशीन, एखादी पेटी. ते उघडायला हात धजावत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. तरी एकदा उघडा. तेल द्या. आत एखादी बाही अर्धी राहिलेली असेल.

ती पुरी करायला येत नसेल तर तसं सांगा आणि बसा शिवायला.